अर्धा पेपर न शिकवणाऱ्या सावंतबाई

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते सुलभा सावंत यांचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर झालं नव्हतं. मी झालो तो या बाईंमुळे. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात मुलं त्यांना मागून ‘पणबाई’ म्हणायची. कोणी कसलंही ठाम विधान केलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, ‘पण...’ म्हणायच्या आणि थांबायच्या. पुढचं आपण बोलायचं. प्राचार्यांनाही त्यांनी यातून सूट दिली नव्हती.

बाई एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन साहित्य शिकवायच्या. पेपरचे दोन भाग होते. पहिल्या भागातल्या लेखकांना ट्रान्सेन्डेंटलिस्ट म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की, डोळ्यांना दिसतं त्यापलीकडचं सत्य माणसाला आतूनच कळतं. देव झाडापानांत आहे आणि तुमच्यातही आहे. म्हणून चारचौघांच्या मागे न जाता स्वतःवर विश्वास ठेवा. दुसऱ्या भागातले लेखक त्यांचे विरोधक. माणसाच्या आत देव असेल, पण पापही आहे, आणि तुम्ही बुडता की तरता याचं समुद्राला काही पडलेलं नसतं, असं ते म्हणायचे.

वडील गेल्यावर जालना जिल्ह्यातून आई आणि मी घाटकोपरला मामाकडे आलो होतो. झेडपीच्या शाळेत शिकलेल्या मला हे सगळं इंग्रजीत वाचताना घाम फुटायचा. बाईंनी मला आधी मराठीत विचार मांडायला लावला. “भाषा मागसून येता रे, आधी म्हणणा असूक व्हया,” त्या म्हणायच्या. मायेने समजावताना त्यांच्या बोलण्यात मालवणी उतरायची.

वर्गाचे त्या दोन पक्ष करायच्या. खिडकीकडचे बाक पहिल्या लेखकांच्या बाजूने, दाराकडचे दुसऱ्यांच्या. पुढच्या तासाला बाजू बदलायची आणि काल जे मांडलं तेच खोडून काढायचं. गाइडमध्ये एक ठरलेलं वाक्य असायचं, पहिले आशावादी आणि दुसरे निराशावादी. ते कोणी म्हटलं की बाई तापायच्या. “खड्डा दाखवणारा माणूस निराशावादी कसा रे? तू पडू नयेस असं त्याला वाटतं, म्हणून तो दाखवतो ना?”

एकदा त्यांनी आम्हाला शेवटच्या इमारती संपून नॅशनल पार्कचा डोंगर सुरू होतो तिथे नेलं. आमच्या वर्गातला निलेश म्हणाला, “बाई, इथे आलं की खरंच वाटतं, निसर्ग आपल्याशी बोलतोय.”

“पण...” बाईंनी कुंपणावरच्या पाटीकडे बोट केलं. बिबट्यापासून सावध राहा, असं तिच्यावर लिहिलं होतं.

“तो बोलायला आला तर तू पुढे हो हां निल्या,” प्राजक्ता म्हणाली. “आम्ही नोट्स काढतो.”

घरी मी आईला पहिला भाग समजावून सांगितला. ती भाजी निवडत म्हणाली, “हे तर आपल्या विहारात सांगतेत. आपला उजेड आपणच व्हायचा.” दुसरा भाग सांगितला, तर म्हणाली, “ते बी सांगतेत. जगात दुःख हाय, हे आधी कबूल करा म्हणून.” हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या समोरच्या बाकावर बसल्याच. “तुझ्या घरात दोन्ही भाग आहेत आणि तू गाइडं कसली वाचतोस?” त्या दिवसापासून मला वर्गात बोलायची भीती वाटली नाही.

मग कॉलेजात सकारात्मक विचारांचा सप्ताह आला. जिन्यावर ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असे बोर्ड लागले. हॉलमध्ये सूटबूट घातलेल्या वक्त्याने सांगितलं, जो हरतो त्याचा स्वतःवर विश्वास नसतो. निलेशच्या वडिलांचा भांडुपचा कारखाना नुकताच बंद पडला होता. तो मान खाली घालून बसला होता. बाई उभ्या राहिल्या. “पण कारखान्याला टाळं लागलं, ते कामगारांचा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून का?” वक्ता हसला आणि त्याने पुढची स्लाइड लावली.

कॉलेज स्वायत्त होतं, अभ्यासक्रम संस्थेच्याच हातात. महिनाभरात संस्थेने पेपरचा दुसरा भाग काढून टाकला. मुलांवर नकारात्मक परिणाम होतो, हे कारण. बाईंनी प्राचार्यांना सांगितलं, “अर्धा पेपर म्हणजे खोटा पेपर. मी तो शिकवणार नाही.”

बाई इतकी वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. दर जूनला नवी नेमणूक. त्या जूनला त्यांना बोलावणं आलं नाही. काढलं, असंही कोणी म्हणालं नाही. आम्ही विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, “दुसरे सर मिळालेत ना तुम्हाला? मग?” जिन्यावरचे बोर्ड मात्र तसेच होते. चारचौघांच्या मागे न जाणारी एकच बाई त्या इमारतीत होती, आणि तीच संस्थेला नको झाली. याचा संताप आजही माझ्या मनातून जात नाही.

मी आता घाटकोपरच्या एका कॉलेजात तोच विषय शिकवतो, तोही तासिका तत्त्वावरच. मागच्या आठवड्यात प्राजक्ता बाईंना भेटून आली. तिने जे सांगितलं ते ऐकून मी हे पत्र लिहिलं.

आदरणीय बाईंना,

सविनय नमस्कार.

तुम्ही पुस्तकं रद्दीत द्यायला काढली आहेत आणि ‘मीच कुठेतरी कमी पडले’ असं म्हणता, हे प्राजक्ताकडून कळलं. रागावू नका, पण हे त्या वक्त्याचं बोलणं आहे, तुमचं नाही. तुम्ही कमी पडला नाहीत. तुम्हाला घरी बसवलं गेलं, आणि ज्यांनी बसवलं त्यांना नावं आहेत.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. त्यांनाही सगळे पेपरचा पहिलाच भाग सांगतात. मग नापास झाली की ती स्वतःलाच शिव्या घालतात. मी एकट्याने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, पण दोन्हीकडून मीच जिंकतो. मला खोडून काढणारं कोणीतरी समोर हवं आहे.

मानधन नाही. चहा मिळेल.

रविवारी सकाळी रिक्षा घेऊन तुमच्या बिल्डिंगखाली येतो. पुस्तकं पिशवीत भरून ठेवा, मी वर येऊन उचलतो. नाही म्हणायचं असेल, तर फोनवर नको. खाली येऊन, माझ्यासमोर, कारणांसह म्हणा.

तुमचा विद्यार्थी,
संतोष