दाराबाहेरचा पहिलवान

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं त्या काळात मी इंदूरला सरकारी कारकून होतो. टाचेचं हाड वाढलं आणि सकाळी पाय जमिनीला टेकला की मी सगळी आळी जागी करायचो. डॉक्टरांनी एक्स-रेच्या किरणांचा हलका शेक सांगितला.

दवाखान्यातल्या बाकावर शेजारी एक पहिलवान बसला होता. दुखणं तेच, पाळी माझ्यानंतर. शिकलेला माणूस म्हणून मी त्याला धीर द्यायला लागलो. "घाबरायचं काय त्यात? नुसता उजेड तो!"

तो टाच चोळत इंदुरी थाटात म्हणाला, "मग भिया, मशीनवाले साहेब दरवाजा लावून बाहेर का येतात?"

हे मला सुचलंच नव्हतं. तेवढ्यात मला आत बोलावलं. दार लागलं, मशीन घुमू लागलं आणि मी मोठमोठ्याने रामरक्षा सुरू केली.

बाहेरून आवाज आला, "भिया, मी इथेच उभा आहे हां, फिकर नका करू!"

बाहेर येऊन पाहतो तर तसल्या टाचेवर तो खरंच दाराशी उभा होता. मला भरून आलं. तो आत गेल्यावर मीही दाराशी उभा राहिलो आणि ओरडलो, "मी आहे बरं का!"

आत तो खुशाल घोरत होता.