मारानंतरची कॉफी

अजिनाथ स्वतःच्या हातानं कॉफी करायचा, ती बायकोला बडवून झाल्यावरच. एरवी या बहाद्दराला घरात चहाची पातेली कुठं असते हेही ठाऊक नसायचं. पण शीला भिंतीला टेकून नाकातलं रक्त पुसत बसली, की हा गॅसपाशी उभा राहून बिनदुधाची काळी कॉफी उकळायचा, गुळाचा खडा टाकायचा आणि कप तिच्यापुढं ठेवायचा. तो कप रिकामा झाला की भांडण मिटलं, अशी त्या घराची रीत. लग्नापासून शीला ती निमूट पीत आली होती.

ती मूळची पैठणकडच्या मेंढपाळांची. पोरगेली असताना कळपात शिरलेल्या लांडग्याचं थोबाड तिनं काठीनं फोडलं होतं. ते सांगताना तिचा बाप अजून मिशीवर ताव देतो. त्याच पोरीनं नवऱ्यापुढं मात्र कधी हात उचलला नाही. लग्नानंतर बजाजनगरात येऊन ती खानावळीत पोळ्या लाटायला लागली.

त्या दिवशी खानावळीत गर्दी होती, तिला निघायला उशीर झाला. कंपनीत पहिली पाळी करून आलेल्या अजिनाथला घराच्या दाराला कुलूप दिसलं. शीला धावत येईतो त्यानं नळापाशी पडलेलं कपडे धुवायचं धोपाटणं उचललं होतं. डोकं वाचवायला तिनं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीनंही ऐकला आणि तिनं आपलं दार लावून घेतलं. असला शेजार काय जाळायचाय.

दवाखान्यात अजिनाथनं सांगितलं, बाथरूममध्ये घसरून पडली. ऑपरेशन करून हातात प्लेट टाकायची ठरली. रात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं सिस्टरनं दोघांनाही बजावलं.

सकाळी हा थर्मास घेऊन हजर.

"पी."

"सिस्टर नाय म्हणल्या."

"दूध कुठंय त्यात? खंडोबाच्या उपासाला आई हीच पिती. काळी कॉफी पोटात गेली असं कोणी धरतंय व्हय?"

शीला प्यायली. कप पुढं आला की प्यायचा, एवढंच तिच्या अंगात मुरलं होतं.

थोड्या वेळानं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "काही खाल्लं-प्यायलं का?"

"नाय मॅडम, थेंबसुद्धा नाय," अजिनाथच बोलला.

"खरं सांगा. पोटात काही असलं आणि भुलीत उलटी झाली, तर ती फुप्फुसात उतरते. माणूस टेबलावरच जाऊ शकतो."

शीलानं नवऱ्याकडं पाहिलं. तो चपापला होता. तरी त्यानं थर्मास हळूच पिशवीत सारला आणि डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं. ऑपरेशन लांबलं तर त्याची आणखी एक पाळी बुडणार होती.

हा रागाच्या भरात मारतो, अशी ती आजवर मनाची समजूत घालत आली होती. आज तर त्याला रागही आलेला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कॉफी पिले मी, मॅडम. आत्ताच. ह्यानंच पाजली."

अजिनाथनं तिचा मोडका हात दाबला. कळ मस्तकात गेली. तिनं डाव्या हातानं पिशवीतला थर्मास उपसला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा ओठ फुटला, दात हलला.

"अन् मी बाथरूममधी पडले नाय," ती म्हणाली. "हात ह्यानं धोपाटण्यानं मोडला. लिहून घ्या."

ऑपरेशन पुढं ढकललं. अजिनाथ भिंतीला टेकून तोंडातलं रक्त पुसत बसला. त्याला कॉफी द्यायला कोणी उठलं नाही.