लंकेतली म्हातारी माणसं

आत्या, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तू ओट्यावर उभी राहून बघत होतीस. मी सहा वर्षांची होते, तरी मला ते लख्ख आठवतं. शांतिसेनेतून लंकेत गेलेले बाबा, म्हणजे तुझा थोरला भाऊ, कामी आल्याची तार आली होती. दहन तिकडेच झालं. घरी आली ती त्यांची काळी पेटी आणि मनगटावरचं घड्याळ. आजोबांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. मग बायका आईच्या बांगड्या फोडायला आल्या, तर आई भिंतीला पाठ लावून म्हणाली, “कुणी बघितलंय का त्यांना? बघितलं असेल तिनं पुढं यावं.” कुणी पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझा हात धरला आणि कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, अशी सगळ्या गावादेखत एस.टी.त बसली.

गावी आम्ही तार आल्यावरच आलो होतो; बाबा लंकेला गेले होते ते आमच्या दिल्ली कँटोन्मेंटमधल्या क्वार्टरमधून. जाताना म्हणाले होते, “मी येईपर्यंत इथंच राहा.” क्वार्टर तर सोडावंच लागणार होतं, म्हणून आईने पालममध्ये खोली घेतली. कँटोन्मेंटच्या फाटकावर बाबांनी विचारलं तर कुणीही पत्ता सांगेल इतकी जवळ. कँटोन्मेंटमधल्या मराठी बायकांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे तिने त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणंच बंद केलं. नव्या गल्लीत मात्र कुणी विचारलं की ती सांगायची, “हमारे वो बाहर हैं।” बाहर म्हणजे कुठे? बाहर.

वर्षं गेली तशी गल्लीने आपला निष्कर्ष काढला. नळावर मी माझ्या कानांनी ऐकलं, “छोड़ के चला गया इसको।” रडत घरी येऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “म्हणू दे. सोडून गेलेला माणूस परत येऊ शकतो.”

तुम्ही लोक गावाकडे तिला टोमणे मारायचात. पेन्शनही घेते आणि कुंकूही लावते, हे तुझंच वाक्य. मला तुमचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर आईचाही यायचा. मी मोठी झाले, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात चिकटले, रोहतकच्या मुलाशी लग्न केलं. माझं मराठी कसं झालंय ते तू फोनवर ऐकतेसच. गुडगावला फ्लॅट घ्यायचं आम्ही दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा आई म्हणाली, “तुम्ही जा. मी हितंच बरी.” तिला एकटं टाकून जाणार कुठे? शेवटी तिच्यासकट राहायला त्याच गल्लीत वरचा मजला घेतला.

गेल्या हिवाळ्यात ती एकदम म्हणाली, “मला लंका बघायचीय.” गल्लीत सांगितलं, रामायण-यात्रेला चाललेय. आपल्या जवानांची नावं कोरलेलं स्मारक कोलंबोत आहे, हे मी तिला पूर्वीच सांगितलं होतं. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी तिथे जाऊ. “ते शेवटी. आधी सगळा देश बघू,” ती म्हणाली. मला बरंच वाटलं. उभ्या आयुष्यात हिने काही बघायचं म्हटलेलं नव्हतं.

कोलंबोला उतरून गाडी केली आणि आम्ही दोघी निघालो. कँडीचा तलाव, नुवारा एलियाचे चहाचे डोंगर, अनुराधापूरचे पांढरेशुभ्र स्तूप. देश असा हिरवा की दिल्लीची धूळ खाल्लेल्या डोळ्यांना सोसत नाही. आणि आई मात्र जिथे जाऊ तिथे बाकडं शोधायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. गुडघे दुखत असतील, असं मी धरून चालले. “मम्मी, अंदर तो चलो,” असं, घरी माझा मुलगा मला म्हणतो तसंच, माझ्याही तोंडून हिंदीत निघून जायचं. ती म्हणायची, तू जा, फोटो काढ.

जाफन्याच्या बसस्टँडवर मी पाणी आणायला गेले. परत आले तर आई एका म्हाताऱ्याच्या पुढ्यात उभी. त्याची लुंगी, रबरी चपला, हातात भाजीची पिशवी. ती त्याच्या डाव्या भुवईकडे निरखून बघत होती. बाबांच्या डाव्या भुवईत विळा लागून पडलेली खाच होती, तुला माहीतच आहे. त्या बिचाऱ्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने सरकून तिला जागा दिली आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “नाही गं, हे नव्हेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कँडीपासून ती सत्तरीच्या घरातला एकेक माणूस बघत आली होती. ‘वेड लागलंय का तुला’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर, रेल्वे फाटकापाशी, जिथे जिथे गाडी थांबली तिथे मीसुद्धा म्हाताऱ्यांच्या भुवया बघायला लागले. आत्या, हसू नकोस.

कोलंबोतल्या दगडावर नावंच नावं, सगळी इंग्रजीत. आईला इंग्रजी वाचता येत नाही. बाबांचं नाव मला लगेच सापडलं, तरी मी शोधतच राहिले. नाही म्हटलं असतं तर तेवढ्यावर ती उरलेलं आयुष्य काढू शकली असती.

“आहे?” तिने विचारलं.

“आहे.”

“दाखव.”

मी तिचं बोट धरून नावावर टेकवलं. दगड उन्हाने तापला होता, तरी तिने बोट काढलं नाही. मग म्हणाली, “शेजारी कोण कोण आहेत? वाच.” मी वाचत गेले. वरचे, खालचे, पंजाबी, तमिळ, गढवाली, एक आपल्याच बाजूचा.

“मग एकटे नव्हते,” आई म्हणाली.

पालमला परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून खाली उतरली. समोरच्या आंटी गल्लीत उन्हाला बसल्या होत्या. त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, “दीदी, हमारे वो नहीं रहे।” आंटींनी उठून तिला मिठीतच घेतलं. बघता बघता आमच्या घरात सतरंजी पसरली गेली. छोड़ के चला गया म्हणणाऱ्या त्याच बायका डोक्यावर पदर ओढून मोठमोठ्याने रडत होत्या. आईच्या कुंकवाला, बांगड्यांना कुणी हात लावला नाही. आमच्या घरी गॅस पेटला नाही. दारातून डाळ, रोट्या, खिचडी येत राहिली.

“कब हुआ?” आंटींनी विचारलं.

पस्तीसएक वर्षं कशी समजावून सांगायची, म्हणून मी शब्द जुळवत होते. आईच बोलली.

“परसों।”

आणि मग ती रडली. आईला रडताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं, आणि तिच्याबरोबर मीही रडले. बाबा गेले हे मलासुद्धा त्याच दिवशी कळलं.

तू फोनवर विचारलंस, आता तरी गावी परत याल ना? येऊ की. जत्रेला येऊ, तुझ्या हातचं खायला येऊ. पण राहायला नाही, आत्या. आमचं माणूस या गल्लीत गेलंय.