पाचवं शील आणि पांढरी वाइन

नांदेडहून निघाले त्या सकाळी आईने मला विहारात नेलं आणि पंचशील म्हणायला लावलं. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, दोनदा म्हणून घेतलं. "हे तिकडं जास्त लागंल तुला," म्हणाली. मी मान डोलावली.

आज मी मेलबर्नच्या एका रेस्टॉरंटमध्ये वाइन निवडते. युनिव्हर्सिटीत असताना तिथे ग्लास धुतले, मालकाला माझं नाक तिखट वाटलं, आणि पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळेपर्यंत वाइन निवडणं हेच माझं काम झालं. आईला फक्त 'हॉटेलात आहे' एवढंच माहीत आहे. क्रेगीबर्न या उपनगरातल्या आपल्या बौद्ध मंडळींना मात्र सगळं कळलं आणि बुद्धपौर्णिमेच्या जेवणाला मला बोलवायचं की नाही यावर म्हणे चर्चा झाली. तर मंडळी, एकदाच ऐका. मी आजवर एकही घोट गिळलेला नाही. वाइन चाखणाऱ्यांची रीतच आहे, घोट तोंडात घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. बाकीचे शिफ्ट संपली की पितात, मी चहा करते.

गेल्या महिन्यात एक नवी पांढरी फ्रेंच वाइन आली. सेंद्रिय द्राक्षांची, लाकडी पिंपात न मुरवता स्टीलच्या टाकीत ठेवलेली. त्यामुळे लाकडाचा वास अजिबात नाही, नुसती लिंबाच्या सालीसारखी आंबट आणि मागाहून किंचित खारट. तिच्यासोबत काय वाढायचं ते ठरवणं माझं काम. मालक ग्रँट म्हणाला, "ऑयस्टर्स, गोट चीज. सेफ, मेट." मी ऑयस्टर, म्हणजे कालवं, लिहिली आणि खाली लिहिलं सुकट, कांद्यावर परतलेली, ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर. ग्रँटने माझ्याकडे पाहिलं. "यू डोन्ट इव्हन ड्रिंक. एक जरी प्लेट परत आली, तर लिस्ट मी लिहिणार."

पुण्यात शिकत असताना सुकट भाजली म्हणून मला खोली सोडावी लागली होती. घरमालकीणबाईंना वासावरून आमची जात कळली होती. त्यामुळे मेनूवर 'सुकट'ऐवजी 'ड्राइड श्रिम्प' लिहायला मी साफ नकार दिला.

शनिवारी दुपारी एका टेबलाने सुकटीची प्लेट परत न्यायला मला बोलावलं. परत करणारं जोडपं मराठीच होतं. बाई हळूच म्हणाल्या, "इथेही हेच? एवढ्या चांगल्या ठिकाणी?"

"हो, इथेही," मी म्हटलं, आणि प्लेट घेऊन किचनमध्ये आले. ग्रँट पेन काढत होता.

"सुकट खोडलीस तर मीही चालले," मी म्हणाले. प्लेट त्याच्यापुढे सरकवली. "आधी चाखून बघ. वाइनसोबत."

त्याने खाल्लं, वर घोट घेतला. मग आणखी एक तुकडा उचलला. "लीव्ह इट ऑन," एवढंच म्हणाला आणि पेन खिशात ठेवलं.

आई, आता कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर वाइन निवडते असं सांग. सुकट खाते, शील पाळते, हेही सांग. लोक हसले तर हसू देत. घर म्हणजे माझ्यासाठी आता तीच जागा, जिथे हे तिन्ही एका दमात सांगता येतं, आणि तुझ्या दारात ते सांगता येत नसेल, तर ते दारही मला अजून मिळवायचंय.