चाळीस बैठका आणि डावा अंगठा

सोळा जानेवारी, शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम चाळीस हजार, पैकी त्या दिवशी मिळणार वीस. जागा नांदेड, एका ट्रस्टचं दोन खोल्यांचं ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान. हजर चौघं: ट्रस्टच्या सचिव बाई, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचा क्लार्क, माझी बायको, आणि मी. मी कशासाठी आलो, असं क्लार्कने विचारलं. बायको म्हणाली, "लातूरहून एकटीच येणार होते. यांना पावती बघायची होती."

खरं होतं ते. मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर बावीस वर्षं मुनीम आहे. पावती बघितल्याशिवाय मला रक्कम दिसत नाही.

बायको एका खासगी शाळेत शिकवते. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने शिक्षण आणि समुपदेशन या विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला. समुपदेशन म्हणजे समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि सल्ला द्यायचा नाही. सल्ला न देता कुणी कुणाचं ऐकलेलं आमच्या गल्लीत आजवर कुणी बघितलेलं नव्हतं. या विषयात पुढे शिकणाऱ्यांना हा ट्रस्ट शिष्यवृत्ती देतो आणि वयाची अट घालत नाही, म्हणून तिने अर्ज केला होता.

क्लार्कने नियम वाचले. पहिले वीस हजार आज. उरलेल्या वीससाठी एकतीस मार्चपर्यंत चाळीस माणसांच्या चाळीस बैठका घ्यायच्या. एकेक बैठक किमान पंचेचाळीस मिनिटांची. माणूस अठराच्या पुढचा हवा, नात्यातला नको. एक वही मिळाली. तिच्यात नाव लिहायचं नाही, गुप्त राहिलं पाहिजे म्हणून. फक्त क्रमांक, तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात आलेल्या माणसाची सही किंवा अंगठा.

"आणि पस्तीसच झाल्या तर?" मी विचारलं.

"एका बैठकीचे पाचशे, साहेब. जेवढ्या भरतील तेवढे."

जिना उतरताना बायको म्हणाली, "अजून एक झाली न्हाई, तर पाच कमी धरल्या तुम्ही."

तिच्या रागाचं मूळ जुनं होतं. प्रवेश घ्यायच्या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडून तिला दाखवला होता. वय पंचेचाळीस, निवृत्ती अठ्ठावन्न, उरलेली वर्षं तेरा, पदवीने पगारात पडणारी भर शून्य. खाली दोन रेघा मारून परतावाही शून्य काढला. आकडे बरोबर होते; अजूनही आहेत. तिने कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं आणि सांगितलं, "घरातून एक रुपया घेणार न्हाई." ट्रस्टचे पहिले वीस भरूनही आता कॉलेजचे साडेअठरा हजार बाकी होते. दहा एप्रिलपर्यंत भरले नाहीत तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही, असं लेखी आलं होतं. म्हणजे त्या वहीवर तिचं वर्ष टांगलेलं होतं, आणि टांगायला खिळा मीच ठोकला होता.

सह्या मिळवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. शेजारचे निवृत्त कंडक्टर वही बघूनच म्हणाले, "आणा इकडं. कुठं करू दस्तखत?"

"काका, आधी बसावं लागतं. बोलावं लागतं."

"ते बसू कधीतरी. तुमचं काम अडू नये. चाळीसच्या चाळीस मी करतो की, येगयेगळ्या पेनानं!"

मुदखेडकडून माझा मेहुणा एका लग्नासाठी लातूरला आला. त्याने येताना कोऱ्या कागदावर गावातल्या बारा जणांच्या सह्या आणल्या होत्या, पेढ्याच्या पुड्यासोबत. "ताई, आणखी लागल्या तर सांग. ग्रामपंचायतीचा शिक्का पण मारून आणतो." कोणत्या कामासाठी सह्या, हे बाराजणांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. आमच्या भागात माणूस सही देतो ती पाणी दिल्यासारखी. न देणं हीच बेइज्जती.

बायकोने पेढे ठेवून घेतले. कागद मला दिला. त्याच्या कोऱ्या भागावर मी दुधाचा हिशोब लिहायला लागलो.

बैठका पुढच्या खोलीत सुरू झाल्या. ऐकू जाऊ नये म्हणून मी बाहेर जिन्यावर, घड्याळ आणि चहाचा थर्मास घेऊन. चहा बैठकीनंतरच द्यायचा असं ठरलं, कारण पहिल्याच बैठकीत अनुभव आला की कप हातात आला की आपला माणूस दुःख बाजूला ठेवतो आणि साखरेबद्दल बोलतो. मग कंडक्टर काकांची बैठक. पाच मिनिटांत त्यांनी जे काय असेल ते सांगून टाकलं असावं, कारण सहाव्या मिनिटाला दार उघडून त्यांनी मला विचारलं, "मुनीमजी, किती झाले?"

"चाळीस बाकी."

"अरे बाप रे," म्हणाले आणि आत गेले. पण बाहेर आले ते तासाभराने. डोळे पुसले होते की चष्मा, ते मला जिन्यावरून कळलं नाही. त्यांनी सही मात्र केली. कंडक्टर माणूस, तिकीट फाडल्याशिवाय प्रवास मोजायचा नाही.

मग गल्लीतल्या बायका आल्या. कुणी निवडायला मेथी घेऊन, कुणी लसूण. फेब्रुवारीत यार्डात तुरीची आवक होती. सौदा आटोपल्यावर दुपारी हमालांपैकी दोघंतिघं येऊ लागले, दारात चपला काढून, देवळात आल्यासारखे. कोण काय बोललं ते मला ठाऊक नाही. बायकोने सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत ती म्हणाली, "तुम्हाला वेळ लिहून दिली ना? तेवढंच तुमचं." माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून गावाने काय काय सांगितलं, आणि मला माहीत फक्त मिनिटं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी वही तपासली. बैठका अठ्ठावीस. सह्या नऊ.

"बाकीच्यांनी का केल्या नाहीत?"

"न्हाई म्हणतात."

अशी मौज झाली होती. ज्यांनी बसायला नकार दिला ते सही द्यायला पाय आपटत होते, आणि जे खरोखर बसले ते पेन बघून उठून जात होते. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एका बाईचं मी स्वतः जिन्यावर ऐकलं: "सही केली म्हंजे मी आले होते हे ठरलंच की, वैनी. माझ्या नवऱ्याला माझी सही वळखू येती. बँकेत तोच बघत असतो."

मी रात्रभर आकडेमोड केली नाही, पण जेवताना केली. माझ्याकडे सहीविना एकोणीस बैठका होत्या आणि बैठकीविना बारा सह्या. मी बायकोला म्हणालो, "बैठका खऱ्या आहेत. सह्याही खऱ्या माणसांच्या आहेत. फक्त एकमेकांच्या नाहीत. एवढी फिरवाफिरवी—"

बावीस वर्षांत आडतीच्या चोपडीत मी एक पैसा फिरवला नव्हता, आणि फिरवायला निघालो तो घरच्या वहीत.

तिने भाकरी खाली ठेवली. "ज्यानं सांगितलं त्याची सही न्हाई. ज्याची सही हाय त्यानं सांगितलं न्हाई. मग मी ऐकलं कुणाचं?"

मी दुधाचा हिशोब लिहिलेला तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तोडगा काढला तो हमालांच्या मुकादमाने. हा माणूस आडतीच्या पगार-पत्रकावर अशी सही करतो की तिच्या शेपटाला दुसऱ्याच्या रकान्यातली जागा लागते. त्याचीही बैठक झाली होती आणि सही राहिली होती. तो वही उलटीसुलटी बघत म्हणाला, "मुनीमजी, हितं काय लिवलंय? सही किंवा?"

"अंगठा."

"मग अंगठाच घ्या की. अंगठा कुणाचा, कोण वळखतंय?"

आडतीवरचं निळं शाईचं पॅड मी घरी नेलं. शाईचे पैसे माझ्या खात्यावर टाकले. चार दिवसांत एकोणीसच्या एकोणीस जण येऊन डावा अंगठा उठवून गेले. त्यात एक बँकेतली कॅशियर होती, एक जण स्वतः अर्ज लिहून देण्याचा धंदा करणारा. सगळे साक्षर, सगळे खूश, की आता आपण कुणाला सापडणार नाही.

पण शाई मी चांगली नेली होती. ती निघेना. लिंबू झालं, रॉकेल झालं, राख झाली. दोन दिवस आमच्या गल्लीत आणि अर्ध्या यार्डात ज्याचा त्याचा डावा अंगठा निळा. गवळी दूध घालताना विचारू लागला, "हितं इलेक्शन झालं काय? आमाला कसं न्हाई कळलं?" किराणा दुकानात पैसे देताना एका निळ्या अंगठ्याला दुसरा निळा अंगठा दिसला की एक जण हळूच, "तुमी बी?" "हाव." लपायला गेलेली सगळी माणसं रंगेहाथ सापडली, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. उलट अंगठे बघून आणखी अकरा जण आपणहून आले. येतानाच विचारायचे, "शाई लावता ना?"

एकोणचाळीस झाले. चाळिसावा माणूस आला सत्तावीस मार्चला: माझा सेठ, आडतीचा मालक. याच्याबद्दल लिहू का, असं मी त्याला विचारलेलं आहे. "नाव नको घालू. बाकी लिही, मला काय," म्हणाला.

तो जिन्यात मला ओलांडून वर गेला, मालक ओलांडतो तसा. पंचेचाळीस मिनिटं झाली. तास झाला. थर्मासमधला चहा मीच संपवला. एक तास पन्नास मिनिटांनी दार उघडलं. बायकोने पॅड पुढे केलं.

"अंगठा?" सेठ म्हणाला. "मी? वैनी, चाळीस वर्षं झाली, मी लोकांचा अंगठा घेतो. देत न्हाई."

"मग सही करा."

"सही तर बिलकुल न्हाई. बाजार काय म्हणंल? सेठच्या डोक्यात फरक पडला म्हणून उधारी मागायला रांग लागंल."

तो उतरून गेला. बावीस वर्षं मी त्याच्या नफ्या-तोट्याची पै न् पै लिहिली. एक तास पन्नास मिनिटं बोलण्यासारखं त्याच्याकडे काय होतं, ते माझ्या कुठल्याच चोपडीत नाही.

बायकोने चाळिसाव्या ओळीत वेळ लिहिली आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला.

एकतीस मार्चला पुन्हा नांदेड, पुन्हा तेच चौघं. क्लार्क वही चाळत होता. नऊ सह्या, मग अंगठे, पुढे अंगठे, अंगठेच. "मॅडम, लातूरच्या शाळा बंद पडल्या काय?" त्याने खणातून भिंग काढलं आणि दोन दोन अंगठे जुळवून बघू लागला, सगळे आमच्या दोघांचेच तर नाहीत ना. मी माझा डावा अंगठा त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. "हा पण लावून बघा," म्हणालो. बायकोने मला पायाने ढोसलं, पण आपलाही ठेवला.

सचिव बाईंनी वही ओढून घेतली. "सही किंवा अंगठा असं लिहिलंय ना? ते मीच लिहिलंय." मग शेवटच्या पानावर थांबल्या. "एक तास पन्नास मिनिटं. सगळ्यात मोठी बैठक, आणि इथे काहीच नाही?"

"द्यायला नाही म्हणाले."

"मग ओळ लिहिली कशाला? एकोणचाळीसवर थांबायचं. कोणाला कळलं असतं?"

"बैठक झाली होती, बाई."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोऱ्या रकान्याचे पैसे मिळणार नाहीत." मी मान डोलावली. मीही दिले नसते.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सेठने गल्ल्यावरून मान वर न करता विचारलं, "वैनीचं झालं का काम?"

"झालं. एक कमी पडली."

"एकाचे किती?"

"पाचशे."

त्याने पाचशेची नोट काढून माझ्या चोपडीत ठेवली. "दे त्यांना. कोणत्या खात्यावर लिहू म्हणून विचारू नको."

घरी नोट दिली. बायकोने ती हातातही घेतली नाही. "परत करा. ते आले न्हाईत अन् मी काही ऐकलं न्हाई, असं सांगा. तसंच ठरलंय."

शेवटी दिलं गेलं ते असं. ट्रस्टकडून बायकोच्या खात्यावर एकोणीस हजार पाचशे. त्यातून कॉलेजला साडेअठरा हजार, सात एप्रिलला, पावती मी बघितली. उरले हजार. अडीच महिन्यांच्या जादा दुधाचे गवळ्याला एक हजार दोनशे चाळीस. तिचे हजार, आणि वरचे दोनशे चाळीस माझे, ते तिने घेतले, कारण जिन्यावर चहा मीही प्यायलो होतो. सेठला पाचशे परत, रोख. त्याची पावती नाही.