दोनशे ब्याण्णव टक्के

राजूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत अक्षता मॅडम अकरा वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या वर्गातलं एकही पोर कधी नापास झालं नव्हतं आणि हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

ती मान शालूनं खाली घालायला लावली. भांडून नव्हे, रडून.

शालू त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बारावी झाल्यावर जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम मागायला गेली. तिथं तिला एकच गणित घातलं : चारशे दाण्यांपैकी दोनशे ब्याण्णव उगवले, तर उगवण किती टक्के? शालूनं लिहिलं, दोनशे ब्याण्णव टक्के. तिला पोती शिवायच्या कामावर पाठवलं.

"मॅडम, मी बारावी पास हाये ना?" डोळे पुसत ती म्हणाली. "मंग मला हे का येत न्हाई?"

मॅडमना कारण माहीत होतं. चौथीत शालूला भागाकार येत नव्हता, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. येईल पुढं, म्हणून त्यांनी तिला वरच्या वर्गात ढकललं. पुढच्यांनीही तेच केलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या तडक जालन्याला गेल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख राधेश्याम यांनी ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून दाखवल्या. प्रत्येकीत शंभर दाणे, काहींना पांढरे मोड.

"सर्टिफिकेटवाले रोज येतात, मॅडम," ते म्हणाले. "बराबर मोजणारं अन् मोजलेलं समजणारं माणूस भेटत न्हाई. मालकांना दुसरा प्लांट टाकायचाय, पण माणसांवाचून अडून राह्यलंय."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाच्या हातात पेपर होता. देशाची अर्थव्यवस्था कुठच्या कुठं जाणार, असा मोठा मथळा. मॅडमना वाटलं, जाईल खरी. पण नेणार कोण? आपण पास केलेलीच ना?

सोमवारी त्यांनी सव्वीस पोरांना साधा भागाकार घातला. नऊ जणांना आला. हा आकडा त्यांनी शाळा समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

समितीचे अध्यक्ष भुजंगराव भडकले. "पोरं पास हायेत आमची! गावाची बदनामी कशाला करून राह्यल्या?"

"दोष पोरांचा न्हाई, भाऊ. माझा हाये," मॅडम म्हणाल्या. "मला दुरुस्त करू द्या."

"करा मंग," म्हणत भुजंगरावांनी पुढचा विषय घेतला.

वर्गात ओली फडकी आली, घरोघरचं सोयाबीन आलं. पोरं दाणे मोजायची, उगवलेले वेगळे काढायची, भांडायची, पुन्हा मोजायची. भागाकाराला आता काहीतरी अर्थ होता. ज्यांना तरीही येईना, त्यांच्याजवळ मॅडम शाळा सुटल्यावर तासभर बसायच्या. रविवारी शालू यायची. तिसरीचं पुस्तक उघडताना ती लाजली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "लाज मला वाटायला पाहिजे. तू लिही."

आठ महिन्यांनी राधेश्यामनी तिची पुन्हा परीक्षा घेतली आणि तिला प्रयोगशाळेत घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात सोयाबीनचा मोठा माल तपासायला आला. तीन गुंडाळ्यांत नव्वदीच्या आसपास दाणे उगवले होते, चौथीत फक्त एकोणचाळीस. सरासरी पंचाहत्तरच्या वर जात होती. नियमानं सत्तर टक्के पुरे असतात. सही करा अन् गाडी भरा, असा सगळ्यांचा घोषा. शालूनं सही केली नाही.

"सरासरी बराबर हाये, सर. पण ही एक गुंडाळी एवढी खाली का? पोती पुन्हा तपासू."

तपासली, तर मागच्या थप्पीतल्या पोत्यांना ओल लागलेली. तो माल बाजारात गेला असता, तर कितीतरी रानांत दुबार पेरणीची पाळी आली असती. संध्याकाळी राधेश्यामनी मॅडमना फोन केला आणि विचारलं, "अशा आणखी किती मुली हायेत तुमच्याकडं?"

मग बारावी झालेल्या आणखी चौघी रविवारी मॅडमकडे शिकायला यायला लागल्या. आज शालूसकट त्या गावच्या पाच मुली तिथं काम करतात.

गेल्या वर्षी मॅडमची बदली झाली. नव्या शाळेत हजर झाल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी कौतुकानं शंभर टक्के निकालाचा फलक दाखवला. मॅडमनी हसून मान हलवली, वर्गात गेल्या, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरीजवळ सतरंजीवर बसत म्हणाल्या, "बाळा, तुला काय येत न्हाई, ते मला सांग."