पाच बायका, एक जून

२००८, एप्रिलचा शेवटचा आठवडा. जुन्या केसच्या जबाबांच्या कॅसेटवर लेबलं चिकटवत बसले होते, तेव्हा कौन्सिलच्या निवडणूक अधिकाऱ्याचा फोन आला. नोकरीतल्या कितीतरी केसेस मी विसरले. त्या फोनची विसरता आलेली नाही.

बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होते. पोस्टानं मतदान तोवर सर्रास झालं होतं. मतपत्रिकेबरोबर एक निवेदन पाठवायचं, त्यावर सही आणि जन्मतारीख. ती मूळ अर्जाशी जुळली नाही, तर मत बाद.

"एकाच वॉर्डातल्या पाच भारतीय बायका," अधिकारी म्हणाला. "पाचही अर्जांवर जन्मतारीख एक जून. पाच जणी एकाच दिवशी जन्मल्या? अर्ज बोगस आहेत. परत आलेल्या निवेदनांवरच्या तारखा मात्र वेगवेगळ्या, त्या खऱ्या वाटतात. सह्यांवरून काही कळत नाही."

कागद पाहिले आणि मी त्याला सांगितलं, "उलटं आहे. अर्ज खरे आहेत. मतं बोगस."

त्याला समजावायला वेळ लागला. आमच्याकडे त्या पिढीत जन्माची कागदोपत्री नोंद कोण ठेवत होतं? शाळेत नाव घालताना मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख पासपोर्टवर, तीच इथल्या प्रत्येक काउंटरवर. माझ्या आईचीही तीच. या बायका झोपेतही एक जूनच सांगतील. खरा वाढदिवस फक्त घरात आणि ओळखीत माहीत असतो. म्हणजे मतं भरणारा माणूस त्यांच्या ओळखीतला होता, आणि त्यानं अर्ज पाहिलेले नव्हते.

मी पाचही घरी गेले. चौघींचं उत्तर एकच. "आम्हीच भरलं. आणि डॉक्टरांचं नाव काढू नकोस हं."

डॉक्टरांचं नाव मी काढलंच नव्हतं.

हे डॉक्टर दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलमधून निवृत्त झालेले, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची छोटी गाडी त्यांनीच मिळवलेली. ती या बायकांना भजनाला न्यायची, हॉस्पिटलला न्यायची. दर वाढदिवसाला डॉक्टर स्वतः फोन करायचे.

पाचव्या काकू विधवा, एकट्या, गुडघे गेलेले. दार उघडून मला आपादमस्तक पाहिलं.

"पोलीस? आणि मराठी? तुझ्या आईला चाललं?"

"नाही चाललं. काकू, तुमचं मतदानाचं पाकीट कुठंय?"

"डॉक्टर घेऊन गेले. न फोडताच. म्हणाले, तुम्ही कशाला डोळे शिणवताय." मग आवाज चढला. "नवरा होता तोवर तो सांगेल तिथं फुली मारली. या वेळी मला माझं मत द्यायचं होतं. ती गोरी बाई आहे ना, जिनं आमचा फुटपाथ नीट करून घेतला, तिला. मला ते पाकीट परत आणून दे."

"आधी हे लिहून द्यावं लागेल."

"दिलं तर मंडळाची गाडी येईल माझ्याकडे?"

"बहुतेक नाही."

त्यांनी बराच वेळ पदराचं टोक चोळलं. "लिही," म्हणाल्या.

डॉक्टर वकिलाला घेऊन चौकशीसाठी पोलीस स्टेशनला आले. मी दोन कॅसेट घातल्या, कायद्यानं सांगायची सूचना वाचली.

"अगं, मंडळात तुझ्या आईचं ब्लडप्रेशर मी बघायचो," ते हसून मराठीत म्हणाले.

"इंग्लिशमध्ये बोला, डॉक्टर. टेप चालू आहे."

तासभर त्यांचं एकच म्हणणं होतं. म्हाताऱ्या विसरतात, तारखा चुकतात. मी त्यांची स्वतःची जन्मतारीख विचारली. मुंबईतल्या प्रसूतिगृहाचा दाखला आहे, म्हणाले. मग मी त्या बायकांच्या, पासपोर्ट ऑफिसातून मागवलेल्या पाच पासपोर्टच्या प्रती ओळीनं मांडल्या. त्यांनी एक पाहिली, दुसरी पाहिली. पाचवीपर्यंत हात गेलाच नाही.

"सगळ्यांची एक जून?" ते पुटपुटले.

"म्हाताऱ्या विसरल्या असत्या, तर खरा वाढदिवस विसरल्या असत्या. एक जून नाही. आणि पाचही खरे वाढदिवस तुम्हाला पाठ आहेत."

वकिलानं त्यांच्या दंडाला हात लावला. तो त्यांनी झटकला. "माझा मित्र निवडणुकीला उभा आहे. तो आला, तर मंडळाला हॉल मिळेल. या बायका हिवाळ्यात बसणार कुठं? मी स्वतःसाठी काय केलं?"

खरंच, स्वतःसाठी त्यांनी काही केलं नव्हतं. पाच बायकांची मतं उचलताना त्यांना ती चोरी वाटलीच नाही, इतकंच.

धाकानं गप्प बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. संरक्षण दिलं की ती बोलतात. उपकारानं गप्प बसलेल्यांना पोलीस काय देणार? त्या चौघींनी शेवटपर्यंत जबाब दिला नाही. काकूंच्या एकट्या जबाबावर केस उभी राहिली.

कबुली झाली ती मतदानाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंकडे गेले. कोट घालून त्या खिडकीशी बसल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट होती.

"आणलंस माझं पाकीट?"

"नाही. तुमच्या नावानं एक मत येऊन बाद झालंय. दुसरं मिळणार नाही. मी विचारलं."

"आणि गाडी?"

"ती येणार नाही, काकू."

मी त्यांची काठी आणली, कुलूप लावलं आणि त्यांना बसस्टॉपवर नेलं. वाटेत मतदान केंद्राची पाटी लागली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पास कसा दाखवायचा, कुठं उतरायचं, हे मी दोनदा सांगितलं. बस आली. त्या चढल्या, बसल्या. मी पोलीस स्टेशनला जाऊन डॉक्टरांवरच्या आरोपाचे कागद तयार करायला घेतले.